न्यू जर्सीची थेरपिस्ट, अशोक चौकातली खोली

सुट्टीत अमेरिकेतून दोन-चार महिने सोलापूरला येणार असाल आणि तिकडची मानसोपचाराची थेरपी ऑनलाइन चालू ठेवायची असेल, तर तिकीट काढायच्या आधी थेरपिस्टला विचारा, "मी भारतात असताना सेशन चालेल का?" अमेरिकेत परवाना राज्याराज्याचा असतो, आणि सेशनच्या वेळी तुम्ही कुठे बसलाय ते धरतात. न्यू जर्सीचा परवाना सोलापुरात आपोआप चालत नाही. काही जणी परवाना देणाऱ्या बोर्डाला, विमा कंपनीला विचारून हो म्हणतात, काही सरळ नाही म्हणतात. माझी तयार झाली, पण लेखी संमती, इथला पूर्ण पत्ता आणि भावाचा नंबर घेऊनच. बरोबरच आहे, वेळ आली तर ती तिथून कुणाला फोन करणार?

नकार आला तर इथलं कुणी शोधा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा. लाजू नका, सोनं घेताना हॉलमार्क बघतोच की आपण.

हिवाळ्यात न्यू जर्सीतले सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग तेच सेशन साडेसहाला.

खरी अडचण घरात. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. दिवसभर खटक-खटक, पण त्यामुळे माझा आवाज खोलीबाहेर जात नाही. वीज गेली की मात्र माग एकदम थांबतात, आणि "मला आईचा राग येतो" हे वाक्य थेट स्वयंपाकघरात! वायफायही तेव्हाच जातं, म्हणून मोबाईल डेटा हाताशी ठेवा. थेरपिस्टशी एक खूण ठरवून घ्या. मी "फाईल उद्या पाठवते" म्हणाले की कुणीतरी दारात आहे, असं तिनं समजायचं. घरी सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी "मीटिंग आहे" म्हणते. "शनिवारी कसली गं मीटिंग?" असं आई विचारतेच.

तिकडची चिठ्ठी इथल्या मेडिकलमध्ये चालेल असं धरून चालू नका. गोळ्या पुरतील एवढ्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या पत्रासह आणा. मुक्काम लांबला तर इथल्या मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. भारतातून केलेल्या सेशनचे पैसे विम्यातून मिळतील का, तेही निघण्याआधी विचारा.

रात्री-बेरात्री फारच बिनसलं तर तिकडचा मानसिक संकटासाठीचा हेल्पलाइन नंबर ९८८ इथे कामाचा नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ फोनमध्ये टाकून ठेवा. फुकट आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.