आयईएमची तुलना: आधी आवाजाची पातळी जुळवा

दोन आयईएम (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या आत बसणारे इअरफोन) व्हॉल्यूमच्या एकाच आकड्यावर ठेवून कौल देऊ नका. त्यांची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच सिग्नलवर किती मोठा आवाज येतो ते) वेगळी असते आणि जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला अधिक स्पष्ट, अधिक भरदार वाटतो. 1 डेसिबलचा फरकही फसवायला पुरतो. त्यामुळे 1 किलोहर्ट्झचा टोन लावा, साउंड मीटरच्या माइकला छोट्या रबरी नळीने आयईएम घट्ट जोडा आणि दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. नळी दोन्ही वेळा तीच हवी. हवा निसटली तर मोजमाप वाया जातं.

‘बेस कमी आहे’ म्हणण्याआधी टिप (आयईएमचं कानात जाणारं मऊ टोक) बघा. कानात फट राहिली की पहिला बेसच जातो. आयईएम किती खोल बसला यावरही ट्रेबल (उंच पट्टीचे आवाज) बदलतो, म्हणून शक्यतो दोन्हींवर त्याच टिप वापरा.

सोर्स (फोन, प्लेअर किंवा अ‍ॅम्प्लिफायर) एकच ठेवा, तोही 1 ओहमच्या आसपास आउटपुट इम्पीडन्सचा (इम्पीडन्स म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत अडथळा). अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आयईएममधले एका प्रकारचे चिमुकले स्पीकर) असलेल्या आयईएमचा इम्पीडन्स फ्रीक्वेन्सीनुसार बदलतो. जास्त इम्पीडन्सच्या अ‍ॅम्पवर त्यांचा टोनच पालटतो.

आता ओळखीच्या गाण्याचा 10-15 सेकंदांचाच तुकडा ऐका आणि झटपट अदलाबदल करा. बारकावे कानाच्या लक्षात फार वेळ राहत नाहीत.