साडेअकरा किलोचा आकाशकंदील: ऑनलाइन विकताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला आमचं आकाशकंदिलांचं छोटं दुकान आहे. आसपासच्या दुकानदारांना विचारलं, ऑनलाइन का विकत नाही, की पहिलं उत्तर ठरलेलं: "अकाउंट हॅक-बिक झालं तर?" माझे पैसे मात्र खोक्याने खाल्ले.

पहिल्या वर्षी बांबूच्या काड्यांचा तयार कंदील 40 × 40 × 35 सेंटिमीटरच्या खोक्यात पाठवला. काट्यावर जेमतेम 800 ग्रॅम. कुरिअरने पैसे लावले साडेअकरा किलोचे. तणतणत फोन केला, तर चूक माझीच निघाली. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करायचा, त्याला 5000 ने भागायचं. बहुतेक कुरिअरवाले हे वजन आणि काट्यावरचं वजन यांतलं जास्त ते धरतात. माझं आलं 11.2, आणि अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडला की पुढच्या टप्प्याचे पैसे.

पुढच्या वर्षी घडीचा कंदील केला. खोकं 42 × 30 × 4. आता एक किलोत बसेल असं वाटलं, पण हिशेब येतो 1.008, म्हणजे दर दीड किलोचा! उंची साडेतीनवर आणली तेव्हा कुठे एक किलोत बसलं. तेव्हा खोकी घाऊक घेण्याआधी कॅल्क्युलेटर घेऊन बसा. पार्सल काट्यावर ठेवून आणि तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवा. वजनाचा वाद झाला तर दाखवायला तेवढंच असतं, आणि तक्रारीची मुदतही मोजक्या दिवसांची असते.

दुसरी चूक, कॅश ऑन डिलिव्हरीला सरसकट हो म्हणणं. गिऱ्हाइकाने पार्सल घेतलं नाही की जाण्या-येण्याचा भुर्दंड बहुधा आपल्याच माथी. साडी निदान पुन्हा विकता येते, पण भाऊबीज उलटून गेल्यावर परत आलेला कंदील वर्षभर माळ्यावर. घोडबंदर रोडवरच्या संकुलांत तर दहा-बारा टॉवर आणि पत्त्यात विंगच नाही. आता ऑर्डर आली की आधी फोन करते. फोन उचलला नाही, तर पार्सल निघत नाही. वसुबारसेच्या दहा दिवस आधी कॅश ऑन डिलिव्हरी बंदच करते.

परत आलेलं पार्सल घाईने उघडू नका. एकदा आमच्या खोक्यात रद्दी आली होती. व्हिडिओ नव्हता, मग भांडणार कशाच्या जोरावर? आता पॅक करताना आणि उघडताना, दोन्ही वेळा लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ.

यूपीआयचं नवं काय सांगायचं? तरी सांगते. मागे गर्दीत भाच्याने एकाला दोन कंदील देऊन टाकले. "मावशी, मोबाइलवर हिरवी टिक दाखवली ना त्यांनी!" टिक खोटी होती. स्क्रीनशॉट पाहू नका, आपल्या खात्यात रक्कम जमा दिसली तरच माल द्या. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसलातच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

जीएसटी नोंदणी असेल तर ज्या पोर्टलवर माल विकता ते तुमच्या पैशातून टीसीएस, म्हणजे आधीच घेतला जाणारा कर, कापतं, जुलै 2024 पासून अर्धा टक्का. रक्कम लहान, म्हणून कोणी बघत नाही. पण जीएसटीच्या साइटवर जाऊन ती मान्य केल्याशिवाय तुमच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे जीएसटी खात्याच्या शिलकीत, येत नाही.

राहिला हॅकर. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे जादा पिनचं कुलूप, चालू करा आणि मेसेजने येणारा सहा आकडी कोड कोणालाही सांगू नका. पाच मिनिटांचं काम आहे. "हॅक झालं तर?" म्हणणाऱ्या शेजारच्या काकांचा फोन परवा हातात घेतला, तर त्यांनीच ते चालू केलेलं नव्हतं.