फाइल अपलोड होत नाहीये? आधी ती कुठे अडकली ते शोधा

पीएचपीवर नवीन काम करणाऱ्यांना अपलोडचा प्रॉब्लेम आला की पहिले कोड उघडून त्यात बदल करायला घेतात, पण माझं ऐकाल तर कोडला हात लावायच्या आधी फाइल नेमकी कुठपर्यंत पोचली ते बघा, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा. स्टेटस ४१३ (म्हणजे रिक्वेस्ट फार मोठी आहे) दिसला तर बहुतेक वेळा रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत गेलेलीच नसते, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची क्लायंट मॅक्स बॉडी साइझ ही सेटिंग बघा, डिफॉल्ट फक्त १ एमबी असते.

सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार म्हणजे स्टेटस २०० येतो, फाइल मात्र कुठेच नाही. अशा वेळी पीएचपीचे पोस्ट (फॉर्ममधली माहिती) आणि फाइल्स (अपलोड झालेल्या फाइली) हे दोन्ही अ‍ॅरे प्रिंट करा. दोन्ही रिकामे असले, म्हणजे फॉर्ममधलं नाव-ईमेलसुद्धा गायब, तर पोस्ट मॅक्स साइझ, म्हणजे पूर्ण रिक्वेस्टची मर्यादा, ओलांडली गेलीय, ती डिफॉल्ट ८ एमबी असते. पोस्टमध्ये सगळं आलंय, फाइलचं नुसतं नावही तिथेच साध्या टेक्स्टसारखं पडलंय आणि फाइल्स रिकामा, तर फॉर्मला मल्टीपार्ट एनकोडिंग (फाइल पाठवायला लागणारी फॉर्मची सेटिंग) लावायचं राहिलंय. फाइल्समध्ये एंट्री आहे पण एरर १ आहे, तर अपलोड मॅक्स फाइलसाइझ, म्हणजे एका फाइलची मर्यादा, ओलांडली गेलीय, ती डिफॉल्ट २ एमबीच असते. एरर ६ म्हणजे फाइल तात्पुरती ठेवायचा टेंप फोल्डर नाही, ७ म्हणजे डिस्कवर लिहिता आलं नाही.

पीएचपीच्या या दोन्ही मर्यादा स्क्रिप्टमधून इनी-सेट (कोडमधून सेटिंग बदलणारं फंक्शन) करून वाढत नाहीत बरं का, कारण तुमचा कोड चालू होईपर्यंत फाइल येऊन गेलेली असते. त्या इनी फाइलमध्ये, म्हणजे पीएचपीच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, बदलाव्या लागतात. आणि कमांड लाइनची इनी फाइल वेगळी असू शकते, म्हणून पीएचपी-इन्फो (पीएचपीच्या सेटिंग्ज दाखवणारं पान) ब्राउझरमधूनच उघडून कुठली इनी लोड झालीय ते बघा, बदल केल्यावर एफपीएम (पीएचपी चालवणारी सर्व्हिस) रीलोड करा.

एरर ० आहे, म्हणजे अपलोड नीट झालाय, तरी फाइल टेंपमधून तुमच्या फोल्डरमध्ये मूव्ह होत नाही? मग पाथ आणि परमिशन. उबुंटूवर वेब सर्व्हर सहसा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरने चालतो, त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येतंय का बघा. कोणीतरी ७७७ (सगळ्यांना सगळी परमिशन) द्यायला सांगेलच, प्लीज देऊ नका, ओनर बदला. टेंप फाइल नंतर शोधत बसू नका, रिक्वेस्ट संपली की पीएचपी ती स्वतःच उडवतं.

अपलोड नीट चालायला लागल्यावर ब्राउझरने पाठवलेल्या फाइलच्या टाइपवर मात्र विसंबू नका, तो कोणालाही बदलून पाठवता येतो, सर्व्हरवर पीएचपीच्या फाइल-इन्फोने (फाइलचा खरा टाइप ओळखणारी सोय) तपासा आणि सेव्ह करताना नाव तुमचं तुम्ही द्या.