कीबोर्डाला हात लावायचा नाही

फोंड्याच्या एका छोट्या ऑफिसात नव्या मुलांना पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा माझी पद्धत सोपी होती. कोणी अडला की खुर्ची सरकवायची, त्याचा कीबोर्ड ओढायचा आणि अर्ध्या मिनिटात एरर घालवायची. "थँक्यू सर!" दुसऱ्या दिवशी तोच मुलगा, तीच एरर.

डोळे उघडले ते वाळपईहून रोज कदंबाच्या बसने येणाऱ्या एका मुलीमुळे. गुणांची फाइल उघडताना तिला लांबलचक सिंटॅक्स एरर, म्हणजे कोडच्या व्याकरणाची चूक, येत होती. मी लांबूनच म्हटलं, "पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, चुकलाय गं, साधं आहे, नीट बघ." तिने पाथ तीनदा तपासला, फाइलचं नाव बदललं, फाइल हलवून पाहिली. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. पाथ बरोबरच होता! आणि मी 'साधं आहे' म्हटल्यामुळे पुन्हा विचारायला यायची तिची हिंमत झाली नव्हती. तो शब्द मी त्या दिवसापासून टाकला.

मग शेजारी बसलो, हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, "मला शेवटची ओळ वाचून दाखव." ती 'ट्रंकेटेड'वर अडखळली. प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या आमच्याकडच्या कित्येक मुलांचं हे होतं: कोड कळतो, एररचं इंग्रजी कळत नाही. "अर्धवट तुटलेलं," मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे त्या यूच्या पुढे अजून काहीतरी यायला हवं होतं?"

अगदी तेच. विंडोजच्या पाथमध्ये सी ड्राइव्हनंतर बॅकस्लॅश, म्हणजे उलटा स्लॅश, आणि 'यूझर्स' येतं. पायथॉन ३ बॅकस्लॅश आणि मोठा यू दिसला की पुढे युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाचे, आठ हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ) शोधतो; इथे सापडला 'एस'. मी पायथॉन २ वर शिकलेलो. तिथे साध्या स्ट्रिंगमध्ये ही भानगड नव्हती, त्यामुळे ही एरर मी स्वतःच कधी पाहिली नव्हती. तसं तिला सांगून टाकलं. मग यूपुढे ०००००९०५ लिहून प्रिंट करायला लावलं. स्क्रीनवर 'अ' उमटला, तशी ती हसली. अवतरणचिन्हाआधी आर लावायचा, म्हणजे पायथॉन बॅकस्लॅश जसाच्या तसा घेतो, एवढा एकच उपाय सांगितला. उलट्या स्लॅशऐवजी सरळ स्लॅशही चालतो, पण ते नंतर. एका वेळी दोन उपाय दिले की नवा माणूस दोन्ही एकत्र करतो.

आता कोणी "चालत नाही" म्हणत आला की आधी विचारतो, नक्की काय करायचं होतं? पुष्कळदा अडचण तिसरीच निघते. मग पूर्ण एरर, शब्दन् शब्द. सिंटॅक्स एरर असेल तर वरची ओळही बघायला सांगतो, कारण न मिटलेला कंस बहुधा तिथेच असतो. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून पायथॉन स्वतःच कंस कुठे उघडा राहिला ते सांगतो. जुन्या आवृत्तीवर ते शोधणं आपल्याच नशिबी.

चारचौघांत चूक दाखवत नाही. चहाला बाहेर पडलो की सांगतो.

कीबोर्ड मी अजूनही हिसकावतो, पण एकाच वेळी: खऱ्या डेटाबेसवर कोणी 'व्हेअर' (कुठल्या नोंदी) न लिहिता 'डिलीट' चालवायला, म्हणजे टेबलातल्या सगळ्याच नोंदी उडवायला, निघाला असेल तर. तेव्हा परवानगी, आदर, सगळं नंतर.