होडीत पाणी शिरलं तर आधी बॅटरी बघा

टेंभुर्णीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. दाजी उजनी धरणाच्या बॅकवॉटरला चिलापी माशासाठी जाळी टाकतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडीत गावांच्या भिंती वर येतात. तशाच एका भिंतीच्या दगडानं मागच्या वर्षी पहाटे त्यांच्या फायबर होडीला बोटभर भोक पाडलं. लाइटची १२ व्होल्टची बॅटरी तळालाच ठेवलेली. पाणी टर्मिनलला लागलं, टेपनं जोडलेली वायर तापून धूर निघाला. "दाजी, फ्यूज कुठंय?" विचारलं तर म्हणाले, "कशाला, बारा व्होल्टच तर आहे."

बारा व्होल्टनं माणसाला सहसा झटका बसत नाही, खरंय. पण शॉर्ट झाला की वायर लाल होते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी असते. म्हणून बॅटरी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात घालून, पट्ट्यानं बांधून जमेल तितकी उंच ठेवा. प्लस वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज लावा. फ्यूज उडाला म्हणून तिथं तांब्याची तार बांधणारे माझ्या दुकानात रोज येतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त जळालेली वायर दाखवतो.

पाणी भरायला लागलं की सगळ्यात आधी जाकीट. मग भोक शोधा. इंचभर भोक पाण्याखाली फूटभर असेल तर मिनिटाला चाळीसेक लिटर आत येतं, म्हणजे मोठ्या दोन-तीन बादल्या. एकट्यानं उपसून पुरे पडणार नाही. बनियन, पोतं, जे हाताला येईल ते भोकात कोंबा, वरून पायानं दाबून धरा. जाळं, मासे, बर्फ पाण्यात टाका. भोक असलेली बाजू हलकी करून वर उचला. उपसायचा पंप बॅटरी कोरडी आहे तोवर चालू द्या. पाणी बॅटरीजवळ आलं की मायनस आधी सोडा. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र टर्मिनलला हात लावू नका, ठिणगी पडते. टाकीचा कॉक बंद करा. होडीत इन्व्हर्टर असेल तर तो पाणी दिसताक्षणीच बंद, तिथं २३० व्होल्ट असतात.

उलटली तरी होडी सोडू नका. वीस लिटरचा रिकामा, घट्ट बुचाचा कॅन साधारण वीस किलो वजन उचलतो. तसे चार कॅन फळीखाली बांधून ठेवा. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगाव-कळाशी मार्गावर वाऱ्यात होडी उलटून सहा जण बुडाले. पोहत काठाला लागला तो एकच.

आता खरी भीती. काठाला शेतकऱ्यांच्या थ्री-फेज मोटारी आणि केबली पाण्यात असतात, केबल सोलली की करंट पाण्यात उतरतो. गोडं पाणी करंट कमी वाहून नेतं, म्हणूनच त्यात तरंगणाऱ्या अंगातून तो जास्त जातो. स्नायू धरले जातात आणि चांगला पोहणाराही बुडतो. अंगाला मुंग्या आल्या तर पुढं जाऊ नका. ज्या वाटेनं आलात त्याच वाटेनं मागं फिरा. काठावरच्यानं उडी मारायची नाही. आधी स्टार्टर बंद, मग दोर किंवा सुका बांबू. ११२ ला फोन करा, तुटलेली तार दिसली तर महावितरणच्या १९१२ ला.

दाजींनी आता बॅटरी फळीवर बांधलीय. फ्यूज मी लावला, पैसे अजून दिलेले नाहीत.