घंटी वाजते, पण आवाज येत नाही : सिप प्रॉक्सी बसवताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये कापसाच्या हंगामात वजनकाटा, गंजीची जागा आणि कार्यालय यांना आपसांत बोलता यावे, म्हणून मी कार्यालयातील एका जुन्या संगणकावर कामाइलिओ हा सिप प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेट किंवा वायफायवरच्या कॉलचे निरोप सिप या पद्धतीने पोचवणारा प्रोग्राम, बसवून दिला होता. पत्र्याच्या शेडखाली मोबाइलची रेंज टिकत नसे, वायफाय मात्र आवारभर पोचले होते, आणि तिन्ही ठिकाणचे सॉफ्टफोन (मोबाइलवर किंवा संगणकावर चालणारे फोनचे प्रोग्राम) पहिल्याच दिवशी स्वच्छ बोलू लागले. मग दुसऱ्या गावातील खरेदी केंद्रावरचा चौथा फोन मोबाइल डेटावर जोडला. त्यावरून कॉल लावताच कार्यालयात घंटी वाजली, दिवाणजींनी कॉल उचलला, दोन्ही बाजूंनी "हॅलो, हॅलो" झाले, कोणालाही काही ऐकू आले नाही आणि बत्तीस सेकंदांनी कॉल आपोआप तुटला. या एका कॉलमध्ये दोन निरनिराळ्या चुका होत्या, आणि त्या वेगळ्या ओळखता न आल्यामुळे माझे दोन दिवस वाया गेले.

आवाज प्रॉक्सीतून जात नाही

सिपचे आजचे प्रमाण जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ (इंटरनेटच्या प्रमाणांच्या मालिकेतील दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रॉक्सीचे काम फक्त निरोप पोचवण्याचे आहे : कोण कुठे नोंदलेला आहे, कोणाला बोलवायचे आहे, कॉल उचलला की नाही. हे निरोप साधारणपणे ५०६० या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या क्रमांक दिलेल्या दारातून, जातात. आवाज मात्र आरटीपी या आवाज वाहून नेण्याच्या पद्धतीच्या पाकिटांतून, दुसऱ्याच पोर्टवरून आणि प्रॉक्सीला वगळून थेट एका फोनकडून दुसऱ्याकडे जाऊ पाहतो. त्यामुळे घंटी वाजली याचा अर्थ निरोपाचा रस्ता मोकळा आहे, एवढाच होतो.

सर्व्हरवर एसएनग्रेप हे सिपचे निरोप दाखवणारे साधन लावून त्या कॉलचा निरोप उघडला, तेव्हा चूक समोरच दिसली. खरेदी केंद्राच्या फोनला उत्तर देताना कार्यालयातील फोनने "मला आवाज इथे पाठवा" म्हणून १९२.१६८.१.७ हा पत्ता कळवला होता. हा पत्ता त्या आवाराच्या भिंतीआड खरा, बाहेरच्या जगात निरुपयोगी. खरेदी केंद्राचा फोनही आपला असाच खाजगी पत्ता कळवत होता. अशा वेळी आवाज मध्ये उचलून पुढे देणारा दुवा लागतो. कामाइलिओसोबत त्यासाठी आरटीपीइंजिन वापरतात आणि संरचनेतील (कॉन्फिगरेशन फाइलमधील) नॅटचा, म्हणजे राउटरमागच्या खाजगी पत्त्यांचा, विभाग सुरू करतात. आरटीपीइंजिनला स्वतःचा सार्वजनिक पत्ताही सांगावा लागतो, नाहीतर तेही फोनप्रमाणेच खाजगी पत्ता कळवू लागते. त्याला पोर्टची जी मर्यादा दिली असेल, उदाहरणार्थ ३०००० ते ४००००, ती सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आणि राउटरमध्येही उघडावी, आणि तीही यूडीपीसाठी, कारण आवाजाची पाकिटे टीसीपीने नव्हे तर यूडीपी या पद्धतीने जातात. केवळ टीसीपी उघडून आवाजाची वाट पाहत बसलेले लोक मी पाहिले आहेत. आवाज एकाच बाजूने येत असेल, तर बहुधा फायरवॉल आणि राउटर यांपैकी एका ठिकाणी ही पोर्ट बंद असतात.

बत्तीस सेकंदांचे कारण

कॉल दर वेळी ठरावीक बत्तीस सेकंदांनी तुटत असेल, तर इंटरनेटच्या वेगाला दोष देऊ नये. कॉल उचलणारा फोन २०० ओके (कॉल उचलला) हा निरोप पाठवतो आणि समोरून पोच म्हणून अ‍ॅक येण्याची वाट पाहतो. ती आली नाही तर तो तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो आणि ५०० मिलिसेकंदांच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद झाल्यावर कॉल सोडून देतो. आमच्या बाबतीत प्रॉक्सीने रेकॉर्ड-रूटमध्ये, म्हणजे पुढचे निरोप कोणत्या वाटेने पाठवायचे ते सांगणाऱ्या ओळीत, आपला आवारातलाच पत्ता, १९२.१६८.१.१०, लिहिला होता. खरेदी केंद्राचा फोन पोच त्याच पत्त्यावर पाठवत होता, आणि ती वाटेतच हरवत होती.

उपाय म्हणून संरचनेतील लिसनच्या ओळीत (प्रॉक्सी कोणत्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकतो ते सांगणारी ओळ) अ‍ॅडव्हर्टाइज लिहून सार्वजनिक पत्ता देतात. तो एकमेव पोर्टला दिला, तर आवारातील फोनही सार्वजनिक पत्त्याकडे वळतात, आणि आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी वाहतूक पुष्कळ राउटर स्वीकारत नाहीत. तेव्हा बाहेरचे कॉल सुधारतात आणि आतले बिघडतात. म्हणून मी ५०६० हे पोर्ट आवारातील फोनसाठी तसेच ठेवले, सार्वजनिक पत्त्यासह ५०७० हे दुसरे पोर्ट उघडले आणि बाहेरच्या फोनमध्ये तेवढेच भरले. त्या संध्याकाळी खरेदी केंद्रावरून गाड्यांची संख्या सांगणारा कॉल चार मिनिटे अखंड चालला.

हे सगळे करण्यापूर्वी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहून घ्यावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे आणि बाहेरचा कॉल तुमच्या सर्व्हरपर्यंत येऊच शकत नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा किंवा सर्व्हर भाड्याने घ्यावा. माझे मत असे, की सर्व फोन एकाच आवारात असतील तर सर्व्हर आवारातच हवा, कारण रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी वजनकाटा आणि कार्यालय यांचे बोलणे थांबत नाही.

नोंदणीतील गैरसमज

पहिल्या नोंदणीला प्रॉक्सीकडून ४०१ या क्रमांकाचे उत्तर दिसले की नवखी माणसे पासवर्ड बदलत बसतात. ते उत्तर ही केवळ ओळख पटवण्याची मागणी असते. फोनने ओळख देऊन पाठवलेल्या दुसऱ्या निरोपालाही ४०१ आले, तरच पासवर्ड किंवा डोमेन तपासावे. फोनमध्ये भरलेले डोमेन प्रॉक्सीच्या अलायसमध्ये (स्वतःची म्हणून ओळखायच्या नावांच्या यादीत) नसेल, तर प्रॉक्सी तो निरोप परका समजून पुढे धाडतो, तो फिरून स्वतःकडेच येतो आणि शेवटी ४८३ (निरोप फार वेळा पुढे धाडला गेला) हे उत्तर मिळते. ४८८ आले तर दोन्ही फोनमध्ये एकही समान कोडेक (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत) नाही असे समजावे, कारण प्रॉक्सी आवाजाचे रूपांतर करत नाही.

फोनवरून कॉल जातो पण काही वेळाने येत नाही, ही तक्रार मोबाइल डेटावर फार आढळते. नोंदणी तासाभराची असली तरी मधला राउटर यूडीपीची वाट बऱ्याचदा मिनिटभरातच विसरतो. दर ३० सेकंदांनी प्रॉक्सीकडून जाणारा छोटा निरोप ही वाट जिवंत ठेवतो. अँड्रॉइडच्या बॅटरी बचतीतूनही सॉफ्टफोनला सूट द्यावी लागते. राउटरमधील सिप एएलजी ही सिपचे निरोप हाताळणारी सोय मात्र निःशंकपणे बंद करावी. मदतीच्या हेतूने ती निरोपातील पत्ते बदलते आणि बहुधा बिघडवते.

ओळख पटवण्याचा विभाग सुरू न करता सर्व्हर इंटरनेटवर ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. कामाइलिओच्या मूळ संरचनेत तो बंद असतो आणि तशा स्थितीत कोणीही कोणत्याही नावाने नोंदणी करू शकतो. ५०६० पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर सतत चालू असतात आणि १००१ या नावाला १००१ हाच पासवर्ड ते आधी तपासतात. त्याचप्रमाणे ही व्यवस्था सार्वजनिक टेलिफोनच्या जाळ्याला परवान्याशिवाय जोडू नये. या फोनवरून ११२ किंवा १०८ लागणार नाही, हेही वापरणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे.

वीज गेल्यानंतर

आपल्याकडे ही अडचण नेमाने येते. नोंदणीची यादी केवळ स्मृतीत ठेवली असेल, तर वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ती रिकामी असते. बॅटरीवर चालणाऱ्या फोनला हे कळतच नाही. तो स्वतःला नोंदलेला समजतो आणि त्याला कॉल करणाऱ्याला ४०४ (सापडला नाही) हे उत्तर मिळत राहते. नोंदणीची यादी डेटाबेसमध्ये साठवण्याचा विभाग सुरू करावा आणि मुदत तासाभराऐवजी दहा मिनिटांची ठेवावी. जिनिंगमध्ये मी या दोन्ही गोष्टी केल्या, आणि सर्व्हर व वायफायचा राउटर एकाच इन्व्हर्टरवर घेतले.