मेमरी मॉडेलमध्ये रिलेशनचं नाव बदलताय? या चुका टाळा

कोल्हापुरात नुसतं ‘पेठेत ये’ म्हणून भागत नाही. मंगळवार, शुक्रवार की शनिवार, ते सांगावं लागतं. लिनक्स कर्नलचं मेमरी मॉडेल म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांना मेमरीतली वाचनं-लेखनं कोणत्या क्रमाने दिसू शकतात याचे नियम. या घटनांमधलं नातं म्हणजे रिलेशन. त्यातल्या ‘लिंक’ या रिलेशनचीही हीच अडचण होती. डॉक्युमेंटेशनमध्ये हा शब्द साध्या अर्थानेही सारखा यायचा. म्हणून २०१८ मध्ये त्याचं ‘आरसीयू-लिंक’ केलं (आरसीयू म्हणजे वाचणाऱ्यांना न अडवता डेटा बदलण्याची कर्नलमधली पद्धत). ‘आरसीयू-पाथ’चं ‘आरबी’ झालं, कारण ते ‘एचबी’ (हॅपन्स-बिफोर) आणि ‘पीबी’ (प्रोपगेट्स-बिफोर) या रिलेशनच्याच जातीचं.

अशा बदलाने निकाल तसूभरही हलता कामा नये. हलला तर हर्ड७ (मॉडेलवर टेस्ट चालवणारं टूल) बोंब मारेलच, या भरवशावर मात्र राहू नका.

पहिली चूक सरसकट फाइंड-रिप्लेसची. मॉडेल ज्या कॅट भाषेत लिहितात तिच्यात नावात हायफन चालतो, पण सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडच्या लेखी हायफनपाशी शब्द संपतो. त्यामुळे ‘लिंक’ पूर्ण शब्द म्हणून शोधला तरी ‘आरसीयू-लिंक’मधला तुकडा सापडतो. कमांड चुकून दुसऱ्यांदा चालली की ‘आरसीयू-आरसीयू-लिंक’ तयार! नावाच्या मागेपुढे अक्षर, आकडा, अंडरस्कोअर, टिंब किंवा हायफन नाही ना, हे रेगेक्समध्येच (शोधायच्या नमुन्यातच) बघा.

त्याहून घातक म्हणजे नवं नाव आधीच वापरात असणं. एकाच नावाला दुसऱ्यांदा ‘लेट’ लावलं, म्हणजे पुन्हा व्याख्या केली, तर एरर येत नाही; तिथून खाली नवी व्याख्या लागू होते. पुढे ‘आरसीयू-फेन्स’चं ‘आरसीयू-ऑर्डर’ झालं आणि मोकळं झालेलं नाव वेगळ्याच रिलेशनला दिलं गेलं. असं करायचं असेल तर आधी जुनं नाव सगळीकडून काढा, ग्रेप कमांडने शोधल्यावर एकही ओळ उरली नाही हे बघा, मगच ते दुसऱ्याला द्या.

‘लेट रेक’मध्ये, म्हणजे स्वतःचाच आधार घेणाऱ्या (रिकर्शनच्या) व्याख्येत, डावीकडचं नाव बदललं आणि उजवीकडचं राहिलं, तर सहसा ‘अनबाउंड’ (नावाची व्याख्याच नाही) एरर येते. ती आली तर नशीबच म्हणायचं. जुन्या नावाची व्याख्या वर किंवा इन्क्लूड केलेल्या फाइलमध्ये असेल तर सगळं बिनबोभाट चालतं, पण रिकर्शन तुटलेलं असतं. मग जे एक्झिक्युशन (प्रोग्राम चालण्याची एक शक्यता) अडायला हवं ते सुटतं.

‘एमबी’ (मेमरी बॅरियर) सारख्या नावाला हात लावण्याआधी थांबा. कॅट फाइलमध्ये लहान अक्षरांतलं ते रिलेशन, मोठ्या अक्षराने सुरू होणारा तो सेट, आणि बेल फाइलमध्ये अवतरणचिन्ह लावलेला तो टॅग. कर्नलच्या फंक्शनांचा अर्थ सांगणारे डेफ फाइलमधले मॅक्रो टॅग वापरतात. बदलायचं ते फक्त रिलेशन. सीएफजी (सेटिंगच्या) फाइलमध्ये त्याचा रंग ठरवलेला असेल तर तिथेही बदला, नाहीतर आकृतीतला बाणाचा रंग जातो.

तपासणीसाठी बदलाआधी सगळ्या लिटमस टेस्ट (मॉडेल तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवून आउटपुट जपून ठेवा, नंतर परत चालवून डिफ घ्या, म्हणजे दोन्हींतला फरक काढा. ‘टाइम’ची ओळ वगळा, ती दरवेळी वेगळी येते. नुसतं ‘नेव्हर’ (टेस्टमधली अट कधीच पूर्ण होत नाही) जुळून उपयोग नाही, स्टेट्स (शेवटच्या अवस्था) आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह (अट पूर्ण झाली-न झाली) आकडेही जुळले पाहिजेत. दोन्ही बाजूंना फुल फेन्स (पूर्ण मेमरी बॅरियर) असलेल्या स्टोअर बफरिंग नावाच्या टेस्टला तीन स्टेट्स आणि ‘नेव्हर ० ३’ येतं. मात्र तिच्यात आरसीयू नाही, त्यामुळे ‘आरबी’ मोडलेलं तिला कळणारच नाही. त्यासाठी सिंक्रोनाइझ-आरसीयू हे आरसीयूचं फंक्शन असलेल्या टेस्ट हव्यात: मॉडेल सैल झालं तर ‘नेव्हर’वाल्या पकडतात, जास्त कडक झालं तर ‘समटाइम्स’वाल्या.

आणि नामांतराच्या पॅचमध्ये व्याख्येतली सुधारणा घुसडू नका. डिफमध्ये फरक दिसला तर तो कशामुळे, हे मग शोधत बसावं लागतं.